१८३ दिवसांचा हिशेब तुमचा नाहीच

पत्र असं आहे :

"मी अकरा वर्षं म्युनिकमध्ये राहते, गेल्या वर्षी जर्मन नागरिकत्व मिळालं. दोन वर्षांपासून फ्रीलान्स टेस्ट ऑटोमेशनची कामं घेते. आता नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला नऊ महिन्यांचं काम चालून आलंय : मंगळवार ते गुरुवार तिथे, सोमवारी आणि शुक्रवारी घरून. एजन्सी लंडनची, दर तासाला ८५ युरो. त्यांनी दोन पर्याय दिलेत, फ्रीलान्स म्हणून बिल द्या किंवा 'त्याच दरात' त्यांच्या ओळखीच्या डच पेरोल कंपनीतून या. मैत्रीण म्हणते, १८३ दिवसांच्या आत असशील तर नेदरलँड्समध्ये कर लागतच नाही. एजन्सी म्हणते, ए१ दाखला आणा. बिलावर व्हॅट लावायचा का? पैसे ४५ दिवसांनी मिळणार, हे ठीक आहे का? म्युनिकमधलं एक जुनं गिऱ्हाईक महिन्याला पाच-सहा तासांचं काम देतं, ते ठेवायचंय. नवरा म्हणतो डच बँकेत खातं उघड. कराराचा मसुदा सोबत जोडलाय."

नमस्कार.

मसुदा जोडलात ते फार बरं केलंत, कारण निम्मी उत्तरं त्यातच आहेत. पण आधी मैत्रिणीचे १८३ दिवस निकालात काढू. आठवड्याला तीन दिवस, नऊ महिने, म्हणजे साधारण ३९ आठवडे, म्हणजे ११७ दिवस. १८३च्या कितीतरी आत. छान! फक्त हा नियम तुमच्यासाठी लिहिलेलाच नाही.

दुहेरी कर टाळण्याच्या करारांमधला १८३ दिवसांचा नियम नोकरदारांचा आहे. कंपनीने एखाद्याला चार महिन्यांसाठी दुसऱ्या देशात पाठवलं तर त्याच्या पगारावर त्या देशाने लगेच हात घालू नये, म्हणून तो केला. त्यातही एकट्या दिवसांवर भागत नाही. पगार देणारी कंपनी त्या दुसऱ्या देशातली नसावी, आणि पगाराचा बोजा तिथल्या कार्यालयावर पडत नसावा, या दोन अटी सोबत आहेत. तिन्ही एकाच वेळी पाळल्या गेल्या तरच सूट. लोक पहिली अट लक्षात ठेवतात आणि बाकीच्या दोन विसरतात. आकडा लक्षात राहतो, अट राहत नाही.

आता तुमचे दोन पर्याय याच्या शेजारी ठेवून बघा. डच पेरोल कंपनीत, म्हणजे कागदोपत्री तुम्हाला नोकरीवर घेऊन पगार देणाऱ्या कंपनीत, गेलात तर पगार देणारी कंपनी नेदरलँड्सचीच झाली. दुसरी अट मोडली, म्हणजे आइंडहोव्हनमध्ये काम केलेल्या पहिल्या दिवसापासून त्या दिवसांचा पगार डच करात. घरून केलेल्या दिवसांचा मात्र जर्मनीत. फ्रीलान्स राहिलात तर तुम्हाला पगारच नाही, तुमची कमाई म्हणजे धंद्याचा नफा. त्याला वेगळं कलम आहे, आणि तिथे दिवस मोजत नाहीत, जागा मोजतात. नेदरलँड्समध्ये तुमच्या धंद्याची 'कायम जागा' आहे का, जर्मन भाषेत ज्याला बेट्रीब्सश्टेट म्हणतात ती? नसेल, तर सगळा नफा जर्मनीत करपात्र. घर, नवरा, संसार म्युनिकमध्ये आहे, त्यामुळे तुमचं करनिवासाचं ठिकाण जर्मनीच राहणार, याबद्दल वाद नाही.

पण 'कायम जागा' हे प्रकरण वाटतं तेवढं सरळ नाही. ओईसीडी या विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या नमुना कर-करारासोबत जी टिपणं आहेत त्यांत एका रंगाऱ्याचं उदाहरण दिलंय. तो दोन वर्षं, आठवड्यातले तीन दिवस, आपल्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या इमारतीत जाऊन रंग देतो. टिपणं म्हणतात, ती इमारतच त्याची कायम जागा झाली. आठवड्यातले तीन दिवस! हे उदाहरण वाचताना तुमचीच आठवण झाली. जर्मनीने मात्र या रंगाऱ्याबद्दल आपली असहमती अधिकृतपणे नोंदवलेली आहे. तिथली न्यायालयं विचारतात, त्या जागेवर तुमचा स्वतःचा काही हक्क होता का, की नुसतेच येऊन काम करून जात होतात? म्हणजे एकाच खुर्चीकडे दोन देश दोन नजरांनी बघू शकतात, आणि तसं झालं तर मधल्या मध्ये चेंगरणार तुम्ही. त्याच टिपणांत असंही म्हटलंय की सहा महिन्यांहून कमी काळ चाललेल्या कामाला सहसा कायम जागा धरत नाहीत. तुमचे नऊ महिने त्या रेषेच्या पलीकडे आहेत.

म्हणून मसुद्यातलं कलम चार मला खटकलं. 'कन्सल्टंटला क्लायंटच्या कार्यालयात स्वतंत्र टेबल व कपाट दिले जाईल.' तुम्हाला वाटलं असेल, वा, सोय केली! हे वाक्य काढून टाका. जी जागा मोकळी असेल तिथे बसा, लॅपटॉप आपला न्या, पाहुण्यांचा बिल्ला लावा, आणि लिंक्डइनवर 'आइंडहोव्हन ऑफिस' असं चुकूनही लिहू नका. कागद आणि प्रत्यक्ष वागणं दोन्ही जुळलं पाहिजे. नुसतं कलम काढून नऊ महिने त्याच कपाटाला आपलं कुलूप लावलंत तर काढून उपयोग काय?

दुसरी, खरं तर मोठी, काळजी म्हणजे तुम्ही फ्रीलान्सर आहात हे डच कर खातं मान्य करेल का. नेदरलँड्समध्ये २०१६पासून यासाठी कायदा आहे, पण बरीच वर्षं त्याची अंमलबजावणी जवळजवळ थांबवून ठेवली होती. १ जानेवारी २०२५पासून ती पुन्हा सुरू झाली. त्यामुळे तिथल्या कंपन्या धास्तावल्या आहेत, आणि एजन्सीने तुमच्यापुढे पेरोलचा पर्याय ठेवण्याचं कारण बहुधा हेच. तुमच्या सोयीचा त्यात फारसा विचार नसावा. मार्च २०२३मध्ये डच सर्वोच्च न्यायालयाने डिलिव्हरू या घरपोच जेवण पोचवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात नोकरी ओळखण्याच्या खुणा सांगितल्या. काम कसं ठरतं, माणूस कंपनीच्या रोजच्या कारभारात किती मिसळलाय, स्वतःच करायची सक्ती आहे का, धंद्याची जोखीम कोणाची, बाहेर तो व्यावसायिक म्हणून वावरतो का, अशा. एकच खूण बघून निकाल नाही, सगळं चित्र एकत्र बघायचं.

तुमच्या बाजूने काय आहे? दोन वर्षांचा फ्रीलान्स इतिहास, स्वतःचा विमा असेल तर तो, आणि ते म्युनिकचं छोटं गिऱ्हाईक. महिन्याला पाच तासांचं का होईना, ते सोडू नका. विरुद्ध बाजूला काय आहे? मसुद्यातलं कलम नऊ : 'कन्सल्टंट टीम लीडच्या सूचनेनुसार काम करेल आणि रजेसाठी त्याची पूर्वपरवानगी घेईल.' हे तर नोकरीच्या नेमणूकपत्रातून उचललेलं वाक्य आहे. त्याऐवजी कामाचं वर्णन लिहून घ्या : कोणत्या प्रणालीची कोणती चाचणी, कोणत्या टप्प्याला काय हातात द्यायचं. रजेची परवानगी नको, आगाऊ कळवणं पुरे. इथे हलगर्जीपणा झाला आणि उद्या डच खात्याने तुम्हाला नोकरदार ठरवलं, तर १८३ दिवसांची सूट तेव्हाही मिळणार नाही, कारण मग खरा मालक डचच निघेल.

(जर्मनीतही फ्रीलान्सरला नोकरदार ठरवणारं हेच भूत आहे हे तुम्हाला माहीतच असेल, नाव फक्त उच्चारायला आणखी अवघड. शिवाय जर्मनीत एकाच गिऱ्हाइकावर जवळजवळ सगळी कमाई अवलंबून असेल तर सक्तीचा पेन्शन विमा मागे लागू शकतो. मुदतीचं, वर्षाच्या आतलं काम असेल तर सहसा तो प्रश्न येत नाही. पण आइंडहोव्हनवाले 'आणखी सहा महिने थांबा' म्हणाले, की हो म्हणण्याआधी डॉइचे रेंटेनफरझिशरुंगला, म्हणजे सरकारी पेन्शन विमा संस्थेला, विचारा.)

आता ए१. हा कराचा कागद नाही, आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो. कर कुठे आणि सामाजिक विमा कुठे, हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. विम्याचा कायदा म्हणजे युरोपीय संघाचा ८८३/२००४ क्रमांकाचा नियम, २०१०पासून लागू. त्याचं मूळ सूत्र एकच : एका वेळी एकाच देशाचा विमा. कोणता देश, ते ए१ दाखला सांगतो.

एजन्सीच्या माणसाने 'दोन वर्षांपर्यंतचा पोस्टिंगवाला ए१' मागितला असेल. ती चोवीस महिन्यांची सोय तात्पुरतं एका देशात जाऊन काम करणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही दर आठवड्याला दोन्ही देशांत काम करणार, म्हणून तुम्हाला 'अनेक देशांत काम' हा दुसरा रकाना लागू. त्यात बघतात ते हे, की राहत्या देशात कामाचा निदान २५ टक्के भाग होतो का? पाचातले दोन दिवस म्हणजे ४० टक्के, वर जुनं गिऱ्हाईक. झालं, तुमचा विमा जर्मनीतच. अर्ज नेहमीच्या क्रांकेनकास्सेकडे, म्हणजे आरोग्यविमा संस्थेकडे, करू नका, या प्रकारचा अर्ज बॉनच्या डीव्हीकेएकडे, म्हणजे परदेशाशी संबंधित विम्याचं काम बघणाऱ्या कार्यालयाकडे, जातो. चुकीच्या दारात टाकलेला अर्ज कुठेतरी आठवडेच्या आठवडे पडून राहतो.

दाखला पहिल्या दिवसाआधी हातात आलाच नाही तर घाबरू नका. तो मागच्या तारखेपासूनही देता येतो. हे ठरलं कसं ते मजेशीर आहे. ब्रसेल्सच्या ला मोने ऑपेरागृहात काही ब्रिटिश गायक गायला गेले होते. ते म्हणत आम्ही स्वतंत्र व्यावसायिक, आमचा विमा ब्रिटनमध्ये. ऑपेरागृहाने त्यांच्या मानधनातून बेल्जियमच्या विम्याचे पैसे कापले. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि २०००मध्ये निकाल लागला, की गायकांच्या देशाने दिलेला दाखला बेल्जियमला मानावाच लागेल, आणि तो मागच्या तारखेपासूनही चालेल. तेव्हा त्याला ई१०१ म्हणत, आजचा ए१ त्याचाच वारस. तरीही अर्ज करार झाल्या दिवशीच करा, आणि अर्जाची पोच फोनमध्ये ठेवा.

पेरोलचा पर्याय घेतलात तर मात्र याच २५ टक्क्यांनी गंमत होते, आणि ती एजन्सीने तुम्हाला सांगितलेली नाही. डच कंपनीच्या नोकरीत राहून तुम्ही ४० टक्के काम म्युनिकहून केलंत, तर तुमचा विमा जर्मनीतच राहतो. म्हणजे त्या डच पेरोल कंपनीला जर्मनीत मालक म्हणून नोंदणी करून तिथे वर्गणी भरावी लागेल. किती पेरोल कंपन्या यासाठी तयार होतील? जुलै २०२३पासून घरून काम करणाऱ्यांसाठी एक चौकटीचा करार झालाय, दोन्ही देश त्यात आहेत. त्यात घरचं काम ५० टक्क्यांच्या आत असेल तर अर्ज करून विमा मालकाच्या देशात ठेवता येतो. पण सोबत स्वतःचा धंदा चालवणाऱ्यांना ती सोय नाही. तुमचं ते पाच तासांचं गिऱ्हाईक इथे आडवं येतं. आणि समजा एजन्सी म्हणाली, मग पाचही दिवस आइंडहोव्हनला या, तर विमा डच होईल, आणि मग म्युनिकच्या गिऱ्हाइकाकडून मिळणाऱ्या पैशांचा हिशेबही डच विम्यात जाईल, कारण नोकरी एका देशात आणि धंदा दुसऱ्या देशात असेल तर नोकरीचा देश जिंकतो. जर्मन आरोग्यविमा बंद, डच सुरू. नऊ महिन्यांसाठी एवढा उपद्व्याप.

'त्याच दरात' या दोन शब्दांवर तर माझा अजिबात विश्वास नाही. फ्रीलान्समध्ये ८५ युरो म्हणजे तुमची विक्री. पेरोलमध्ये त्या ८५मधून आधी मालकाच्या हिश्शाची वर्गणी जाते, पेरोल कंपनीचं शुल्क जातं, डच कायद्याने द्यायचा ८ टक्के सुट्टीभत्ता आणि रजेचे पैसे बाजूला काढले जातात, आणि मग उरतो तो तुमचा ढोबळ पगार. मे महिन्यात जो सुट्टीभत्ता 'मिळतो' तो तुमचाच पैसा, तुमच्याकडून घेऊन तुम्हालाच दिलेला. त्यांच्याकडून लेखी हिशेब मागा : ८५ युरोंतून माझा तासाचा ढोबळ पगार किती आणि हातात किती. कोणी ८५-९० टक्के हातात देण्याचं आमिष दाखवलं तर फोन ठेवून द्या.

पेरोलच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञ नोकरदारांसाठी नेदरलँड्समध्ये पगाराचा ठरावीक हिस्सा करमुक्त द्यायची सवलत आहे. २०२६ अखेरपर्यंत ३० टक्के, २०२७पासून २७. त्यासाठी आधीचे बहुतेक महिने डच सीमेपासून १५० किलोमीटरहून लांब राहिलेलं असावं लागतं, म्युनिक त्यात आरामात बसतं. पगाराची किमान मर्यादाही आहे, आणि अर्ज सुरुवातीच्या चार महिन्यांत केला तरच पहिल्या दिवसापासून लागू होतो. फ्रीलान्सरला ही सवलत नाही. तरीही तुमच्या परिस्थितीत, घरून दोन दिवस आणि जुनं गिऱ्हाईक धरून, मी फ्रीलान्सच निवडलं असतं. कलमं चार आणि नऊ बदलून मिळाली, या अटीवर. ती बदलायला क्लायंटने ठाम नकार दिला तर त्यांना नोकरच हवाय असं समजा, आणि मग पेरोलचा नीट भाव करा.

आता बिल. मसुद्याच्या पहिल्या पानावर करार करणारी कंपनी लंडनची आहे. शेवटच्या परिशिष्टात, अगदी बारीक अक्षरात, 'बिले पाठवण्याचा पत्ता' म्हणून ॲमस्टरडॅमची त्याच नावाची बी.व्ही. (डच प्रायव्हेट लिमिटेड कंपनी) आहे. तुम्ही हे पाहिलंत का? मी एकदा नव्हतं पाहिलं. बेल्जियममधल्या एका कामात बिल समूहाच्या एका कंपनीच्या नावाने आणि व्हॅट क्रमांक तिच्या बहिणीचा, असं मी पहिल्याच महिन्यात पाठवलं. नावांत फरक फक्त शेवटच्या दोन अक्षरांचा होता. त्यांच्या लेखा विभागाने ते परतही पाठवलं नाही, नाकारलंही नाही, नुसतं ठेवून दिलं. पाच आठवड्यांनी मीच फोन केला तेव्हा कळलं, आणि मुदत नव्या बिलापासून पुन्हा मोजली गेली.

कोणती कंपनी यावर व्हॅट ठरतो. धंदेवाल्याने दुसऱ्या देशातल्या धंदेवाल्याला सेवा दिली तर ती घेणाऱ्याच्या देशात दिली असं धरतात, म्हणून जर्मन व्हॅट दोन्ही बाबतींत लागणार नाही. पण पुढचं वेगळं आहे. ॲमस्टरडॅमला बिल असेल तर दोघांचेही व्हॅट क्रमांक बिलावर हवेत, त्यांचा क्रमांक व्हीआयईएसवर, म्हणजे व्हॅट क्रमांक तपासायच्या युरोपीय संघाच्या संकेतस्थळावर, तपासून त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवायचा, बिलावर कर भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे असं लिहायचं (जर्मन बिलांवर छापतात ते 'श्टॉयरशुल्डनरशाफ्ट देस लाइश्टुंग्सएम्फेंगर्स'), आणि दर तिमाहीनंतर २५ तारखेपर्यंत जर्मनीच्या केंद्रीय कर कार्यालयाला त्याचा गोषवारा द्यायचा. हा गोषवारा नवीन लोक हमखास विसरतात, कारण त्यात पैसे भरायचे नसतात. लंडनला बिल असेल तर ब्रिटन आता संघाबाहेर, गोषवारा नाही, व्हीआयईएसमध्ये त्यांचा क्रमांक सापडणारही नाही. समोरचा धंदाच करतो याचा पुरावा वेगळा ठेवावा लागतो. नेहमीच्या व्हॅट विवरणात दोन्हींच्या ओळी वेगळ्या आहेत, तेवढं तुमच्या श्टॉयरबेराटरला (कर सल्लागाराला) सांगा.

मी तुमच्या जागी असते तर करारच ॲमस्टरडॅमच्या कंपनीशी करायला लावला असता. कारण व्हॅट नव्हे, वसुली. उशिरा पैसे देणाऱ्यांविरुद्ध युरोपीय संघाचा २०११चा निर्देश आहे. धंदेवाल्यांमध्ये ६० दिवसांपेक्षा लांब मुदत सहसा चालत नाही, उशीर झाला की युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरावर किमान ८ टक्के जादा व्याज आणि निदान ४० युरोंची भरपाई मागता येते. नेदरलँड्सने त्याहून पुढे जाऊन, मोठ्या कंपनीने छोट्या व्यावसायिकाला ३० दिवसांतच पैसे द्यावेत असं जुलै २०२२पासून ठरवलंय. ती बी.व्ही. मोठ्या कंपनीत मोडत असेल आणि कराराला डच कायदा लावलात, तर ४५ दिवसांचं कलम टिकणारच नाही. पैसे अडलेच तर संघातल्या कंपनीविरुद्ध युरोपीय देणे-आदेशाचा, म्हणजे थकलेले पैसे द्यायला लावणाऱ्या न्यायालयाच्या आदेशाचा, अर्ज म्युनिकमध्ये बसून भरता येतो. ब्रिटनमध्येही उशिराच्या व्याजाचा कायदा आहे, १९९८चा, वाईट नाही. पण लंडनच्या कंपनीमागे धावणं वेगळं आणि संघाच्या आत धावणं वेगळं.

४५ दिवस म्हणजे प्रत्यक्षात काय, ते मांडून बघा. महिन्याचे २१ दिवस, आठ तास, ८५ युरो : १४,२८० युरो. पहिल्या महिन्याचं बिल महिनाअखेरीस, त्यानंतर ४५ दिवस. म्हणजे पहिल्या मंगळवारी गाडीत बसल्यापासून सुमारे ७५ दिवस एक सेंटही येणार नाही, आणि तोवर साधारण ३५,००० युरोंचं काम तुम्ही उधारीवर केलेलं असेल. तिकिटं आणि हॉटेल तुमच्याच खिशातून. मधेच फिनान्झआम्टचा, म्हणजे कर कार्यालयाचा, आगाऊ कराचा हप्ता (मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरची १० तारीख). तेवढी गंगाजळी आहे का? नसेल तर पंधरवड्याला बिल द्यायची मुभा मागा, दरात एक-दोन युरो सोडावे लागले तरी.

आणि कलम सातमधलं 'क्लायंटकडून रक्कम प्राप्त झाल्यानंतर' हे शब्द लाल पेनाने खोडा. क्लायंट बुडाला तर एजन्सीचा धोका तुमच्या गळ्यात का? तिथेच एक ओळ घाला, की टाइमशीटवर पाच कामाच्या दिवसांत हरकत आली नाही तर ती मंजूर धरली जाईल. टीम लीड तीन आठवडे सुट्टीवर गेला की बिलं का अडकतात, ते तेव्हा कळतं.

हॉटेलची बिलं धंद्याच्या नावाने घ्या. १ जानेवारी २०२६पासून नेदरलँड्समध्ये मुक्कामावरचा व्हॅट ९वरून २१ टक्के झालाय, त्यामुळे तो परत मागणं आता खरोखर फायद्याचं आहे. अर्ज जर्मनीच्याच पोर्टलवरून, पुढच्या वर्षाच्या ३० सप्टेंबरपर्यंत. जेवणखाणावरचा डच व्हॅट मिळत नाही. जर्मन करात जेवणाचा ठरावीक भत्ता वजा होतो, पण एकाच ठिकाणच्या कामासाठी फक्त पहिले तीन महिने.

हे वाचणाऱ्या ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांच्यासाठी एवढंच, की जर्मनीची नीडरलासुंग्सएरलाउबनिस (कायम राहण्याचा परवाना) नेदरलँड्समध्ये काम करायचा हक्क देत नाही. ९० दिवस फिरायला जाता येतं, कमवायला नाही. ज्यांच्या कार्डावर 'डाउअरआउफएंटहाल्ट ईयू' (संघातला दीर्घकालीन वास्तव्याचा परवाना) लिहिलंय त्यांना तिथे परवान्याचा अर्ज करायची वाट आहे. तो परवाना आधी, कर-व्हॅट नंतर.

राहिलं डच बँक खातं. नको. संघात एका युरो देशाचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक, दुसऱ्या देशातल्या कंपनीने नाकारणं २०१२च्या नियमाने बेकायदा आहे, तुमचा डीईने सुरू होणारा आयबॅन त्यांना चालवून घ्यावाच लागेल. लंडनहून पैसे आले तर ते सेपाने, म्हणजे युरोपातल्या सामाईक युरो-हस्तांतरण व्यवस्थेने, पाठवा असं लिहून घ्या, नाहीतर मधल्या बँका वीस-तीस युरो चावून पाठवतात. परदेशातून आलेल्या मोठ्या रकमा बुंडेसबँकेला (जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेला) कळवायची मर्यादा २०२५पासून १२,५००वरून ५०,००० युरो झाली आहे, त्यामुळे महिन्याच्या बिलाला तो त्रास नाही. त्यांनी चार महिने थकवून एकदम दिले तरच.

नवऱ्याला दुसरं एक काम सांगा : तुमच्या खात्यावरचं नाव बघायला. ऑक्टोबर २०२५पासून युरो देशांतल्या बँका पैसे पाठवण्यापूर्वी नाव आणि आयबॅन जुळतात का ते तपासतात. तुमच्या मसुद्यात माहेरचं आडनाव आहे, आणि तुम्ही मला मेल पाठवलाय तो सासरच्या आडनावाने. खातं यातल्या ज्या नावाने असेल तेच नाव, त्याच स्पेलिंगने, करारावर आणि बिलावर घाला.